लाल बोळ्याची बाटली

माशीमावशीनं निम्मं आयुष्य माणसांना रांधून घातलं. मुलांच्या वसतिगृहात ती स्वयंपाकीण होती, आणि खाणाऱ्यांची तोंडं अशी की आज अळणी, उद्या खारट, परवा नुसतंच नाक मुरडणं. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, मोठाली पातेली उचलवेनात. तेव्हा कुणीतरी सांगितलं की संशोधनाच्या त्या लांबलचक इमारतीत रांधणारी बाई हवी आहे. काम हलकं, आणि खाणारे इतके गरीब की चकार शब्द काढत नाहीत.

मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञबाईंनी, तिला मक्याचं पीठ दाखवलं, साखर दाखवली, यीस्टचा डबा दाखवला, शेगडी दाखवली. सगळं पसंत पडलं.

"जेवायला माणसं किती?" मावशीनं विचारलं.

मोठ्या बाईंनी हसत एक कपाट उघडलं. आत फळीवर फळी काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडात कापसाचा बोळा, आणि आत माश्या. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या, तिळाएवढ्या, लाल डोळ्यांच्या.

"बाई, आजवर ताटावरच्या माश्या हाकलल्या," मावशी म्हणाली, "आता त्यांना आग्रह करकरून वाढू?"

पण राहिली. घरी दोन लेकी शिकत होत्या, नवरा केव्हाच गेलेला. इमारतीत लोकांनी तिचं नाव माशीमावशी ठेवलं, तेही तिनं मुकाट घेतलं. लेकींना सांगायची, "अगं, जेवून झाल्यावर भांड्यात अंडी घालून जातात, तेवढं सोडलं तर पोरांपेक्षा बऱ्या."

खाणं शिजवणं हे तिचं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे माश्यांचा वंश चालवणं. धान्याचं बी डब्यात घालून ठेवता येतं. माशीचं तसं नाही. ती गोठवून ठेवली आणि पुढं कधीतरी जागी केली, असं होत नाही. तिला जगतीच ठेवावी लागते. जुन्या बाटलीत चिखल व्हायच्या आत, बुरशी धरायच्या आत, तिथल्या माश्या नव्या बाटलीत झटकायच्या. मग त्यांची पिल्लं मोठी झाली की त्यांना पुढच्या बाटलीत. हे कधी थांबवायचं नाही. एका कपाटात माश्यांच्या कितीतरी जाती, आणि त्यातल्या एखादीचा वंश खंडला तर ती गेलीच.

म्हणून मावशीच्या आधी जी बाई हे काम करायची, तिनं जाताना मावशीचा हात हातात घेऊन एक रीत सांगितली. बाटली झटकायची ती नेहमी दोन बाटल्यांत. एक ठेवायची, एक द्यायची. ठेवायची तिला लाल बोळा, द्यायची तिला पांढरा. पांढऱ्या बोळ्याची बाटली कुणीही उचलावी, तिच्या माश्यांचं हवं ते करावं. लाल बोळ्याला मोठ्या बाईंनीसुद्धा हात लावायचा नाही. मावशी कापूस घरी नेऊन न्हाणीघरात बादलीत रंगवायची. तिची बोटं कायम लालसर, जणू कुणाचं तरी रक्त सांडून आल्यासारखी. धाकटी म्हणायची, "आई, बसमध्ये हात खिशात ठेव, लोक पोलिसांना बोलावतील."

या इमारतीत एक मुलगी शिकत होती. सतत भिंगाला डोळा लावून बसायची, म्हणून सगळे तिला भिंगवाली म्हणत. तिचा अभ्यास माश्यांच्या आतड्याचा. मावशीला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "एवढ्याशा जिवाला आतडं असतं? आणि ते तू कापून बघतेस?"

"बघा तर खरं," भिंगवाली म्हणाली. तिनं खोलीत अंधार केला, एका माशीला गुंगी दिली आणि भिंगाखाली निळा दिवा लावला. मावशीनं डोळा लावला. माशीच्या पोटात हिरवे हिरवे ठिपके चमकत होते, कुणी आत दिवे लावून ठेवल्यासारखे.

"या मूळपेशी," भिंगवालीनं सांगितलं. "आतड्याचं अस्तर रोज झिजतं, मावशी. खाणं घासून जातं, जुन्या पेशी गळून पडतात. मग नव्या कुठून आणायच्या? अस्तराच्या तळाशी या बसलेल्या असतात. एक मूळपेशी दुभंगते, तिच्या दोन होतात. बहुतेक वेळा त्यातली एक तळाला धरून राहते, मूळपेशीच राहते. दुसरी वर सरकते, मोठी होते, अन्न पचवायच्या कामाला लागते आणि काम करकरून एक दिवस गळून पडते."

"म्हणजे एक ठेवायची, एक द्यायची."

"अगदी तसंच!" भिंगवालीला इतकं हसू आलं की माशी जागी होऊन उडून गेली.

"आणि दोघी कामाला गेल्या तर?"

"तर त्या जागची मूळपेशी संपली. पण मग शेजारची एखादी दुभंगते तेव्हा आपल्या दोन्ही ठेवून घेते आणि रिकामी जागा भरते. कुणी कामाला जायचं आणि कुणी राहायचं, हे ठरतं कसं, तेच मी शोधतेय. तिरकी दुभंगली की एक तळापासून सुटते, असं मला वाटतंय. अजून पक्कं नाही."

ही हिरव्या पोटाची जात मोठ्या बाईंनी इथंच, कितीतरी वर्षं जुळवून जुळवून तयार केली होती. तिच्यासारखी दुसरीकडे कुठं नव्हती. भिंगवालीचा सगळा अभ्यास तिच्यावर उभा होता, आणि आता तो संपत आला होता. शेवटचा एक प्रयोग राहिला होता, त्यातलंही थोडंच.

आता ती दुपार. सुट्टीच्या आदली. मावशी हिरव्या माश्या झटकायला बसली होती. या खेपेला तिच्या मनाला आधीच घोर होता, कारण हिरव्यांची एक जोडबाटली खाली थंड खोलीत असायची, अडीअडचणीला, आणि ती नुकतीच बुरशीनं गेली होती. ती याच बाटलीतून पुन्हा करायची होती. मावशीनं जुनी बाटली टेबलावरच्या मऊ गादीवर आपटली, माश्या खाली पडल्या, निम्म्या या नव्या बाटलीत, निम्म्या त्या. जुनी बाटली धुवायच्या क्रेटमध्ये टाकली. बोळ्यांच्या डब्यात हात घातला तर लाल कापूस संपलेला. रंगवलेला घरी दोरीवर वाळत होता.

ती मनाशी म्हणाली, तूर्तास पांढरा लावते, खालून लाल चिंधी आणून बांधते. दोन्ही बाटल्यांना पांढरे बोळे लागले. तेवढ्यात फोन वाजला.

धाकटीचा. आवाजात आनंद मावत नव्हता. दूरच्या शहरात नोकरी लागली होती. थोड्याच दिवसांत निघायचं होतं.

"अगं, पण थोरली आधीच तिकडं," मावशी म्हणाली. "आता तूही?"

"आई, घरी आलीस की बोलू ना. आधी म्हण तरी, छान झालं."

"छान झालं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीजवळ उभी राहिली. बाहेर माळी पाइप गुंडाळत होता. तिला काही म्हणजे काही सुचेना. मग तिनं एप्रन काढला, मोठ्या बाईंना सांगून धाकटीच्या बांधाबांधीसाठी काही दिवसांची रजा घेतली आणि घरी गेली. चिंधी राहिली.

रजेत फारसं सांगण्यासारखं काही झालं नाही. बॅगा भरल्या, बॅगा रिकाम्या केल्या, परत भरल्या. मावशी एकदा म्हणून गेली, "आमच्याकडं रीत आहे बाई, एक ठेवायची, एक द्यायची."

धाकटीनं हातातला स्वेटर खाली टाकला. "आई, मी काय बाटली आहे का?"

दोघी हसल्या, पण हसू लवकर संपलं.

रजा संपवून मावशी कामावर गेली. हातात लाल कापसाची पिशवी. कपाट उघडलं, आणि हिरव्यांच्या फळीवर हात नेला तो तसाच हवेत राहिला. जागा रिकामी होती. दोन्ही बाटल्यांची.

माणूस आधी स्वतःची समजूत घालतं. कुणी वर ठेवल्या असतील. तिनं वरची फळी पाहिली, खालची पाहिली, कपाटामागं हात घालून पाहिला. थंड खोलीत जाऊन आली, जिथं काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग आठवलं. पांढरे बोळे. दोन्हींना.

भिंगवाली तिच्या टेबलाशी होती, खुशीत.

"आलात मावशी! या खेपेला भरपूर दिल्यात हं. दोन दोन बाटल्या! मी म्हटलं, मावशी पावल्या."

"कुठं आहेत त्या?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे? त्याच दुपारी औषधाच्या नळ्यांत घातल्या. आतड्याला इजा व्हावी म्हणून ते कडू औषध देतात ना, ते. काल सगळ्या कापून झाल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या." भिंगवालीनं भिंगावरून मान वर केली. मावशीचा चेहरा पाहिला आणि तिचा स्वतःचा उतरला. "मावशी, लाल बोळ्याची आहे ना तुमच्याकडं?"

मावशीनं मान हलवली. हलवली ती 'नाही' अशी.

मग जे व्हायचं ते झालं. भिंगवाली म्हणाली, पांढरा बोळा असला की आम्ही उचलतो, तुम्हीच शिकवलंत. मावशी म्हणाली, अगं, पण दोन पाहून तरी विचारायचं. भिंगवाली म्हणाली, विचारायला तुम्ही होतात कुठं? ते खरं होतं. भिंगवालीनं तोंडावर हात धरला. वर्षांची मेहनत, मोठ्या बाईंची आयुष्याची जुळवाजुळव, आणि आता कापलेल्या आतड्यांच्या काचपट्ट्या उरल्या होत्या. त्यात हिरवं चमकत होतं खरं, पण ते मेलेलं.

"दोघी कामाला गेल्या," मावशी पुटपुटली आणि मटकन स्टुलावर बसली. एवढी वर्षं ही रीत मोडली नव्हती. आता डोकं चालेना, हे वय झालं म्हणायचं का? आज बोळा विसरला, उद्या शेगडी विसरेल. मोठ्या बाईंना काय सांगायचं?

आधी सुचलं ते भिंगवालीला. ती एकदम उठली.

"जुनी बाटली! जिच्यातून झटकल्यात ती!"

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. एवढी साधी गोष्ट, रोज डोळ्यांसमोरची, आणि भीतीनं पार पुसून गेली होती. मोठ्या माश्या झटकून काढल्या तरी जुन्या बाटलीत अळ्या असतात, काचेवर चढून कोश करून बसलेली पिल्लं असतात. रिकामी म्हणतात, पण ती रिकामी नसते.

"धुवायला गेली," मावशी म्हणाली. दोघी पळाल्या. मावशीचे गुडघे कुरकुर करायचे विसरले.

तळघरात बाटल्या धुणारा होता, त्याला सगळे फेसभाऊ म्हणत. हातापायांना कायम फेस, आणि बोलणंही तसंच, वर वर फुगलेलं. मावशीचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आधी बाटल्या वाफेच्या टाकीत घालायच्या, आतलं सगळं मारायचं, मग धुवायच्या, हा तिथला नेम. मावशी आणि भिंगवाली जिन्यावरून उतरल्या तेव्हा टाकी घुंघुं करत होती.

"भाऊ! बंद करा ती!"

"आता? आत दाब आहे. फुटली तर माझं डोकं उडेल, तुमचं नाही."

"त्यात सुट्टीच्या आदल्या दिवशीचे क्रेट आहेत का?"

"ते?" फेसभाऊनं हात पुसले. सावकाश. हा माणूस हातसुद्धा असे पुसतो की बघणाऱ्याचा जीव जावा. "ते नाहीत टाकीत. ते तिकडं टबात भिजतायत."

"वाफ दिली?"

"कुठून देणार? गेल्या खेपेला तुम्हीच खाली येऊन बोललात ना, नावांच्या चिठ्ठ्यांचा चिकटा बाटलीवर राहतो, तुम्हाला साधं काम जमत नाही म्हणून. वाफेनं गोंद पक्का होतो. म्हणून म्हटलं, या खेपेला आधी भिजवून चिठ्ठ्या काढतो, मग वाफ. नेम मोडला तर मोडला. तुमची बोलणी कोण खाणार?"

मावशी टबाशी जाऊन उभी राहिली. कोमट पाण्यात बाटल्या मानेपर्यंत बुडालेल्या, बोळे अजून तोंडात, आणि पाण्यावर कागदाच्या चिठ्ठ्या तरंगत होत्या. सगळ्या जातींची नावं सुटून एकमेकींत मिसळली होती. कुठली बाटली हिरव्यांची, आता कुणाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

"देवा," ती म्हणाली. तिच्याच बोलण्यानं बाटली वाचली होती आणि तिच्याच बोलण्यानं हरवलीही होती.

"एवढं काय झालं?" फेसभाऊ आता घाबरला होता. भिंगवालीनं सांगितलं. त्यानं फेसाळ हात डोक्यावर ठेवला. मग बाही वर सारली आणि बाटल्या एकेक करून, लेकरं उचलावीत तशा, बाहेर काढायला लागला.

तळाच्या अळ्या बहुतेक मेल्या होत्या. पण अळी कोश करायची वेळ आली की चिखल सोडून काचेवर वर चढते, आणि एखादी जरा जास्तच उत्साही, ती पार बोळ्यापर्यंत जाते. पाण्याची ऊब वरपर्यंत पोचली नव्हती. बाटल्यांच्या गळ्याशी कुठं कुठं तपकिरी कोश चिकटलेले होते. कुणात जीव आहे, कुणात नाही, बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

मोठ्या बाईंना सांगणं भाग होतं. मावशी स्वतः गेली. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि टेबलावरची वही मिटून बाजूला ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं मावशीला वाटलं.

"बघू," एवढंच म्हणाल्या. "काय उरतंय ते बघू."

मग सुरू झालं ते वाट बघणं. भिंगवाली ओल्या कुंचल्यानं कोश सोडवायची, मावशी प्रत्येक बाटलीचे कोश वेगळ्या नळीत ओल्या कापसावर ठेवायची. या खेपेला चिठ्ठी चिकटवायला तिला धीर होईना, तिनं काचेवर रंगाच्या ठिपक्यांच्या खुणा केल्या. सगळ्या नळ्यांना लाल बोळे. फेसभाऊ उगाचच वर यायचा, बादली घ्यायला, झाडू ठेवायला, आणि नळ्यांकडं बघून जायचा. एकदा म्हणाला, "मावशी, आता नाही का मला बोलणार काही?"

"तुम्हाला बोलून बघितलं एकदा. पुरे झालं."

घरी धाकटी निघायच्या तयारीत, आणि मावशीचं मन नळ्यांत. हातातला चहा गार व्हायचा. धाकटीनंच एका संध्याकाळी उरलेला कापूस रंगवून दोरीवर घातला. "तुझ्या हाताला चैन नाही, भांड्यांचे कान मोडशील," ती म्हणाली. मावशीनं तिच्या लाल झालेल्या बोटांकडं पाहिलं आणि उठून गार चहा पुन्हा शेगडीवर ठेवला.

पहिली माशी बाहेर आली ती साधी निघाली. निळ्या दिव्याखाली पोट काळंभोर. दुसऱ्या नळीतलीही तशीच. तिसरीतल्या तर आल्याच नाहीत, कोश कोरडे ठक्क. दर वेळी खोलीत अंधार करायचा, भिंगवालीनं डोळा लावायचा, आणि मावशीनं तिच्या पाठीकडं बघत उभं राहायचं. पाठ जराशी खाली झाली की समजायचं, नाही.

आणि एका सकाळी पाठ खाली झाली नाही. उलट ताठ झाली.

"मावशी."

"काय? काय गं?"

"या बघा."

पोटात हिरवे ठिपके. दिवे लावलेले. मावशीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि भिंग धूसर झालं. "पुस ते," भिंगवाली म्हणाली, "मला परत बघू दे." आपण मावशीला अगं-तुगं केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही.

पण ती मादी होती. एकटी. मादी एकटी काय करणार? अंडी घालेल, पण ती वांझोटी. आता निदान नळी कळली होती, हिरव्यांची नळी हीच. तिच्यात आणखी थोडेच कोश उरले होते. एक काळा पडून वाळला, मग आणखी एक. मावशी दर थोड्या वेळानं नळी उजेडाकडं धरायची. "सारखं हलवू नका हो," भिंगवाली म्हणायची, आणि मावशी गेली की स्वतः तेच करायची.

"नर मागाहून येतात," मोठ्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्याही हल्ली वरचेवर दारात उभ्या राहत होत्या.

"माणसांतही तसंच आहे बाई, जेवायच्या वेळेला बरोबर येतात," मावशी म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

शेवटच्या काही कोशांतून एक नर निघाला. बाटलीत त्याचा कोश काचेच्या अगदी कडेला, बोळ्याला चिकटलेला होता. बोळा काढताना त्याचा एक पंख मुडपला असावा, तो नीट उघडलाच नाही. माश्यांत नर पंख वाजवून मादीला गाणं म्हणून दाखवतो, हे मावशीला ठाऊक होतं. पंखच मोडका, तर गाणार कशानं? मादीला खाणं घातलेल्या नव्या नळीत ठेवलं होतं, तिथंच त्याला सोडलं आणि भिंगवालीनं खोलीच्या बाहेर येऊन दार लोटून घेतलं, जणू आत नवं जोडपं होतं.

"बघायचं नाही का?"

"माझ्याच्यानं बघवत नाही, मावशी."

मावशीलाही बघवेना. दोघी जिन्यात बसल्या. मावशीनं डब्यातला पाव तिला दिला, तो तिनं नुसता हातात धरून ठेवला.

"तुझं काय होईल गं, हे नाही जमलं तर?"

"माहीत नाही," भिंगवाली म्हणाली. "तुमचं?"

"माझं काय. मी परत माणसांना रांधीन. नावं ठेवून घेईन."

धाकटीला निरोप देऊन मावशी थेट कामावर आली, त्या सकाळची गोष्ट. डोळे सुजलेले. तिनं नळी उचलली, खिडकीशी गेली, उजेडात धरली. खाण्याचा वरचा थर कालपर्यंत गुळगुळीत होता. आज तो कुरतडल्यासारखा दिसत होता. मावशीनं चष्मा पुसला. मऊ झालेल्या खाण्यात काहीतरी वळवळत होतं, दोऱ्याच्या टोकाएवढं, आणि त्याच्या शेजारी आणखी एक.

तिनं नळी डोळ्यांच्या आणखी जवळ नेली. फेसभाऊ बादली घेऊन आत आला, तिच्याकडं पाहिलं, नळीकडं पाहिलं आणि बादली तिथंच टाकून जिन्यावरून मोठ्या बाईंना हाका मारत सुटला. हा माणूस पळूही शकतो, हे इमारतीला त्या दिवशी कळलं.

अळ्या वाढल्या, काचेवर चढल्या, कोश झाले, आणि एके दिवशी बाटली हिरव्या पोटाच्या माश्यांनी भरून गेली. मावशीनं गादी पुढं ओढली, दोन नव्या बाटल्या घेतल्या. आधी बोळ्यांचा डबा उघडून आत पाहिलं, मगच झटकायला घेतलं. निम्म्या या बाटलीत, निम्म्या त्या. भिंगवाली शेजारी उभी होती. तिचा प्रयोग तेवढ्यासाठी अडला होता, आणि तिचा हात आपोआप पुढं झाला.

मावशीनं एका बाटलीला लाल बोळा लावला. मग दुसरीलाही लाल.

भिंगवालीनं हात मागं घेतला. "बरोबर," ती म्हणाली. "आधी जागा भरू दे."

एक बाटली वरच्या कपाटात गेली, दुसरी खाली थंड खोलीत. मावशीनं एप्रन काढला, दारापर्यंत गेली, परत आली, कपाट उघडून बोळा पाहिला. खाली थंड खोलीत जाऊन तिथला पाहिला. बसथांब्यावर उभी राहिल्यावर तिला पुन्हा वाटलं, दार नीट लागलं ना? बस आली, तशी ती मागं सरली आणि इमारतीकडं परत चालायला लागली.